अर्धी धावपट्टी संपली तेव्हा...

चार्ल्स लिंडबर्गची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १९२७ साल, एकटा माणूस, एकच इंजिन, न्यूयॉर्क ते पॅरिस साडेतेहेतीस तास. पण मला त्यातला सगळ्यात थरारक भाग अटलांटिकवरचा वाटत नाही. तो आहे जमिनीवरचा, उड्डाणाआधीच्या धावण्याचा!

न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डची धावपट्टी तेव्हा मातीची होती. २१ सप्टेंबर १९२६ ला रेने फाँक हा पहिल्या महायुद्धातला नामांकित फ्रेंच वैमानिक तिथूनच पॅरिसला निघाला होता. विमान तीन इंजिनांचं, वजन सुमारे १२,७०० किलो. धावताना जादा बसवलेली चाकं मोडली, वेग वाढेना, आणि धावपट्टी संपल्यावर विमान खाली घळीत जाऊन पेटलं. चौघांपैकी दोघे गेले. बरं, आधी चाचणी घ्यावी म्हटलं तर तीही सोपी नव्हती. २६ एप्रिल १९२७ ला नोएल डेव्हिस आणि स्टँटन वूस्टर हे दोघे पूर्ण वजनाची चाचणी घेतानाच व्हर्जिनियात मेले.

आमच्या धंद्यात ज्याला लोड टेस्टिंग म्हणतात ते लिंडबर्गनेही केलं. सॅन दिएगोजवळ इंधन थोडं थोडं वाढवत तो उडत गेला, पण ३०० गॅलनवर थांबला. जमीन दगडगोट्यांची, चाकं निकामी झाली तर सगळंच संपलं. प्रत्यक्षात न्यायचं होतं ४५० गॅलन, म्हणजे सुमारे १,७०० लिटर! मधल्या फरकाची भिस्त फक्त कागदावरच्या गणितावर.

२० मे च्या सकाळी पावसाने माती मऊ झाली होती, दमट हवेत इंजिनाचे फेरे कमी पडत होते आणि वारा पाठीमागून येत होता. यात गंमत (खरं तर धोका) अशी की या अडचणींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ब्रिटनच्या हवाई प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी दिलेले ढोबळ आकडे बघा: वजन १० टक्के वाढलं तर लागणारं अंतर २० टक्के वाढतं, जमीन मऊ असेल तर २५ टक्के किंवा जास्त, पाठवारा उड्डाणवेगाच्या दहाव्या हिश्शाइतका असेल तर आणखी २० टक्के. १.२ × १.२५ × १.२ = १.८. म्हणजे जवळजवळ दुप्पट! शिवाय चिखलात ब्रेकही नीट लागत नाही, त्यामुळे थांबायलाही जास्त जागा हवी.

अर्ध्या धावपट्टीची खूण मागे गेली तेव्हा लिंडबर्गकडे उडण्याइतका वेग नव्हता. थांबायचं की जायचं? हातातल्या दांड्याला येणाऱ्या जोरावरून त्याने जायचं ठरवलं. चाकं उचलली, परत टेकली, पुन्हा उचलली. पुढच्या टेलिफोनच्या तारा जेमतेम वीस फुटांनी चुकल्या.

आज लहान विमानांचे वैमानिक एक साधा नियम पाळतात: अर्ध्या धावपट्टीवर उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांबा. कारण सोपं आहे. एकसारख्या त्वरणात वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो, आणि अर्ध्याचं वर्गमूळ ०.७१. मोठ्या विमानांसाठी तर निर्णयाचा वेग निघण्याआधीच काढून ठेवलेला असतो.

लिंडबर्गच्या धैर्याबद्दल प्रश्नच नाही. पण तो निर्णय त्याला धावता धावता घ्यावा लागला. पुढच्यांनी तो विमान उभं असतानाच, शांत डोक्याने घ्यायची सोय केली. पुतळे अर्थात लिंडबर्गचे होतात, त्या ७० टक्क्यांचे नाही. चालायचंच!