जुन्या संगणकासाठी स्वस्त ग्राफिक्स कार्ड : 'जीबी' नंतर, आधी एसएमपीएस पाहा

नांदूरघाट (जि. बीड) : केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप संगणक सहजासहजी मोडीत निघत नाही. लग्नाचे अल्बम तयार करणारा फोटो स्टुडिओ, ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र आणि शाळकरी मुलांचे घर अशा तिन्ही ठिकाणी तो रोज राबत असतो. पुण्या-मुंबईतील कार्यालयांनी काढून टाकलेले असंख्य संगणकही अशाच गावांत दुसरे आयुष्य जगतात. काम मंदावले, की 'ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या' असा सल्ला मिळतो. चार-पाच हजार रुपये मोजले जातात आणि पुष्कळदा संगणक पूर्वीइतकाच संथ राहतो.

शहरात चुकीचे कार्ड दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन बदलता येते. गावातील ग्राहकाला त्यासाठी केज, अंबाजोगाई किंवा बीड गाठावे लागते. वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली असेल, तर कुरिअरचा खर्च आणि बुडालेले कामाचे दिवस वेगळेच. म्हणून कार्डाच्या खोक्यावरील आकड्यांपेक्षा आपल्या संगणकाच्या पोटात काय आहे, हे आधी पाहणे श्रेयस्कर.

आधी दुखणे ओळखा

ग्राफिक्स कार्ड पडद्यावरील चित्र तयार करते. त्रिमितीय खेळ, व्हिडिओ मिक्सिंग आणि काही छायाचित्र-प्रक्रिया एवढ्याच कामांत त्याचा खरा उपयोग होतो. टॅली, वर्ड, एक्सेल, ऑनलाइन अर्ज यांचा वेग त्याने वाढत नाही. कोरलड्रॉमधील पत्रिकेचे कामही मुख्यत्वे प्रोसेसर आणि रॅम यांवर चालते.

संगणक सुरू व्हायला तीन-चार मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तेथे एसएसडी बसवल्यास जो फरक पडतो, तो कोणत्याही कार्डाने पडणार नाही. रॅम ४ जीबी असेल, तर ती ८ जीबी करणे हा दुसरा उपाय. खात्री करून घेण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नेहमीचे काम सुरू ठेवून त्याकडे पाहावे. डिस्क किंवा मेमरी शंभर टक्क्यांच्या आसपास अडकली असेल, तर कार्डाचा विचार पुढे ढकलावा.

स्लॉट, उंची आणि मॉनिटरची पिन

पीसीआय एक्स्प्रेस हा स्लॉट २००४ पासून मदरबोर्डांवर येऊ लागला. त्याआधीचा एजीपी स्लॉट असलेल्या संगणकावर आता खर्च करण्यात अर्थ नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या आवृत्तीत नवे कार्ड बसते, मात्र वेग जुन्या स्लॉटचाच मिळतो. शिवाय साधारण २०१२ पूर्वीच्या बोर्डांवर फक्त जुने बायोस असते. अशा बोर्डावर नवे कार्ड चालू होईलच, असे नाही. दुकानदाराला बोर्डाचे मॉडेल सांगून हे आधी विचारून घ्यावे.

कंपन्यांच्या तयार, आडव्या किंवा अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. त्यासाठी 'लो प्रोफाइल' कार्ड आणि त्याची आखूड पट्टी लागते. पट्टी खोक्यात आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गावातील जुने मॉनिटर निळ्या रंगाच्या व्हीजीए पिनचे असतात. जीटी ७१० आणि जीटी ७३० या कार्डांवर ती सोय सर्रास मिळत असे. एनव्हिडियाच्या १०५० आणि त्यानंतरच्या कार्डांतून मात्र व्हीजीए सिग्नल बाहेरच पडत नाही. तेथे विजेवर चालणारा 'अ‍ॅक्टिव्ह' कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याची किंमत हिशेबात आधीच धरावी.

एसएमपीएसचे गणित

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी जोडणी लागते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट, तर आठ पिनांची १५० वॉट देते. स्वस्त एसएमपीएसमध्ये या जोडण्या बहुधा नसतात. म्हणून जुन्या संगणकासाठी ७५ वॉटच्या आतील, वेगळी जोडणी न लागणारे कार्ड हीच सुरक्षित मर्यादा समजावी.

एसएमपीएसवर '४५० वॉट' असे ठळक छापलेले असले, तरी त्यावर विसंबू नये. प्रोसेसर आणि कार्ड १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, ते पाहावे आणि १२ ने गुणावे. १६ अँपिअर असतील, तर प्रत्यक्ष उपयोगाची वीज १९२ वॉटच भरते. आता खर्च मोजू. २०१२ चा कोअर आय-५ ३४७० हा प्रोसेसर ७७ वॉटचा, कार्ड ७५ वॉटचे आणि बोर्ड, डिस्क, पंखे यांचे सुमारे ५० वॉट मिळून बेरीज २०२ वॉट होते. म्हणजे '४५० वॉट'चा हा एसएमपीएस पुरा पडणार नाही. ३० वॉटचे कार्ड घेतल्यास बेरीज १५७ वर येते आणि संगणक निभावून जातो.

तयार संगणकांचे गणित आणखी आवळलेले असते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० या मालिकेतील छोट्या कॅबिनेटला २४० वॉटचा एसएमपीएस असतो आणि तो बाजारातील साध्या एसएमपीएसने बदलता येत नाही. काही छोट्या संगणकांत स्लॉटची वीजमर्यादाही ७५ वॉटपेक्षा कमी ठेवलेली असते. ती माहितीपुस्तिकेत पाहून मगच निवड करावी.

विजेचा दाब वरखाली होणाऱ्या आणि वारंवार वीज जाणाऱ्या गावांत यूपीएसही पाहावा लागतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारणपणे ३६० वॉटचा भार पेलतो, पण जुन्या बॅटरीवर तो काही क्षणच टिकतो. भार वाढला, की हा अवधी आणखी घटतो.

बाजारातील पर्याय

जीटी ७१० (२०१६, १९ वॉट) : पडद्यावर चित्र आणण्यापुरते. मदरबोर्डवरील ग्राफिक्स बिघडले असेल, तरच उपयोगाचे. वेगासाठी घेऊ नये. या पिढीच्या कार्डांना सुरक्षाविषयक सुधारणा सप्टेंबर २०२४ पर्यंतच मिळाल्या.

जीटी १०३० (२०१७, ३० वॉट) : कमी विजेत चालणारे, यूट्यूब आणि हलक्या खेळांसाठी पुरेसे. तयार झालेला व्हिडिओ वेगाने बाहेर काढणारा एन्कोडर मात्र त्यात नाही. त्यामुळे मिक्सिंगसाठी निरुपयोगी.

जीटीएक्स १०५० टीआय (२०१६, ७५ वॉट, ४ जीबी) : आता मुख्यतः वापरलेले मिळते. एनव्हिडियाने या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षाविषयक सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

जीटीएक्स १६५० (२०१९, ७५ वॉट, ४ जीबी) : जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरला साजेसे. काही उत्पादकांच्या कार्डांना सहा पिनांची जोडणी लागते. ती नसलेलेच निवडावे.

रेडिऑन आरएक्स ६४०० (२०२२, ५३ वॉट) : खोक्यावर मोहक, पण जुन्या बोर्डासाठी फसवे. स्लॉटच्या १६ मार्गिकांपैकी ते फक्त ४ वापरते. नव्या बोर्डावर ते चालून जाते. जुन्या स्लॉटवर वेग घसरतो. व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही.

आरटीएक्स ३०५० (२०२४, ६ जीबी, ७० वॉट) : वेगळी वीजजोडणी न लागणाऱ्या कार्डांत दमदार. मात्र फार जुन्या प्रोसेसरसोबत त्याची बरीचशी ताकद वाया जाते.

इंटेल आर्क ए३८० (२०२२) : व्हिडिओच्या कामाला उत्तम, परंतु 'रिसायझेबल बार' ही सोय असलेला नवा बोर्ड हवा. जुन्या संगणकासाठी घेऊ नये.

एकच नाव, निराळी कार्डे

केवळ नाव आणि 'जीबी' पाहून खरेदी करणे धोक्याचे. जीटी ७३० या एकाच नावाने २०१४ मध्ये तीन निरनिराळी कार्डे बाजारात आली. त्यांतील एकात तर आधीच्या पिढीची चिप होती आणि ते ४९ वॉट खात असे. जीटी १०३० ची डीडीआर-४ मेमरीची आवृत्ती २०१८ मध्ये आली. मूळ जीडीडीआर-५ आवृत्तीत मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, तर नव्या आवृत्तीत सुमारे १७ जीबी, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. दोन्हींवर '२ जीबी' असेच छापलेले असते. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबीचे कार्ड १३० वॉटचे असून त्याला वेगळी जोडणी लागते. ६ जीबीच्या कार्डाला ती लागत नाही. बिलावर मेमरीचा प्रकार लिहून घेण्याचा आग्रह याचसाठी धरावा.

लग्नसराई आणि व्हिडिओ मिक्सिंग

स्टुडिओचालकांचे दुखणे थोडे वेगळे असते. आजचे मोबाइल आणि ड्रोन एच.२६५ या पद्धतीने चित्रण साठवतात. २०११-१२ च्या प्रोसेसरमध्ये ते उलगडण्याची सोय नसल्याने सारा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळत पुढे सरकते. येथे कार्डाचा खरोखर उपयोग होतो. १०५० टीआय किंवा १६५० हे काम स्वतःकडे घेते आणि संकलित व्हिडिओ बाहेर काढण्याचा वेळही घटवते. कार्ड परवडत नसेल, तर चित्रीकरणच एच.२६४ मध्ये करावे. बहुतेक मोबाइलमध्ये हा पर्याय असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

वापरलेले कार्ड घेताना

इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील 'मायनिंग' सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. अशा प्रत्येक कार्डात दोष असतोच असे नाही, परंतु पंखा आणि चिपवरील थर्मल पेस्ट यांची झीज झालेली असू शकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि धुळीत ती लवकर बाधते.

बनावट कार्डांचा धोका याहून मोठा. जुन्या चिपच्या कार्डातील प्रणाली बदलून ते '१०५० टीआय' म्हणून विकल्याचे प्रकार घडले आहेत. 'जीपीयू-झेड' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशी अनेक कार्डे उघडी पडतात. ते चालवून आणि किमान अर्धा तास एखादा खेळ सुरू ठेवून मगच पैसे द्यावेत. कार्डावरील अनुक्रमांक बिलावर असावा.

कार्ड घेऊच नये, असे केव्हा?

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. नवे कार्ड घातल्याने जुना संगणक या अटींत बसत नाही. बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या केंद्रांनी ही बाब गांभीर्याने घ्यावी.

ढोबळ नियम असा ठेवता येईल. कार्ड, एसएमपीएस आणि कन्व्हर्टर यांची एकत्रित किंमत आठव्या पिढीच्या वापरलेल्या संगणकाच्या निम्म्यावर गेली, तर तो संगणक घेणे शहाणपणाचे. त्याखाली असेल, तर खरेदीला निघण्यापूर्वी कॅबिनेट उघडून चार छायाचित्रे मोबाइलमध्ये घ्यावीत : मदरबोर्डावरील मॉडेल, एसएमपीएसचे लेबल, स्लॉटभोवतीची जागा आणि मॉनिटरची पिन. दुकानदाराला ही छायाचित्रे दाखवूनच कार्ड मागावे. त्यामुळे नांदूरघाटहून बीडची फेरी एकदाच करावी लागेल.