आयिया इरिनीच्या मृण्मूर्ती

देवाला केलेला नवस फेडण्यासाठी भाजलेल्या मातीच्या मूर्ती अर्पण करण्याची प्रथा प्राचीन भूमध्यसागरी प्रदेशात सर्वत्र होती. देवस्थानात जागा अपुरी पडू लागली, की जुन्या मूर्ती आवारातच खड्ड्यात पुरून टाकीत. त्यामुळे उत्खननात त्या बहुधा फुटक्या आणि एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. सायप्रस बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील आयिया इरिनी हे स्थळ याला ठळक अपवाद आहे.

१९२९ मध्ये या गावच्या धर्मगुरूने शेतात मिळालेली एक मृण्मूर्ती निकोसियाच्या संग्रहालयात आणून दाखविली. त्या वेळी एइनार येर्स्टाड यांच्या नेतृत्वाखालील स्वीडिश मोहीम (१९२७-३१) बेटावर काम करीत होती. तिने केलेल्या उत्खननात सुमारे २,००० मूर्ती उजेडात आल्या. त्या वेदीभोवती अर्धवर्तुळाकार ओळींत, लहान पुढे व मोठ्या मागे, अशा मूळ जागीच होत्या. पुराच्या गाळाने आणि वाळूने देवस्थान झाकले गेल्याने ही मांडणी टिकून राहिली.

बहुतेक मूर्ती इसवी सनपूर्व सातव्या व सहाव्या शतकांतील आहेत. काही वीतभरही नाहीत, तर काही पुरुषभर उंचीच्या आहेत. टोकदार शिरस्त्राणे घातलेले योद्धे, चार घोड्यांचे रथ, बैल, तसेच अर्धे मानव व अर्धे पशू असलेले जीव त्यांत आढळतात. स्त्रीमूर्ती मात्र अगदी मोजक्या आहेत. भक्त घरी परतला, तरी त्याच्या वतीने मूर्ती देवापुढे उभी राहते, अशी या दानामागील श्रद्धा असावी, असे अभ्यासक मानतात. खुद्द देवाची मूर्ती येथे मिळाली नाही. एक गुळगुळीत लंबगोल शिळा सापडली असून तीच पूजास्थानी असावी, असे मानले जाते.

सायप्रस तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. तत्कालीन नियमांनुसार सापडलेल्या वस्तूंची वाटणी झाली आणि शतकानुशतके एकत्र उभा असलेला हा समुदाय निकोसिया व स्टॉकहोम येथील संग्रहालयांत विभागला गेला. १९७४ च्या तुर्की लष्करी कारवाईनंतर मूळ स्थळ बेटाच्या उत्तर भागात राहिले. दोन्ही संग्रहालयांत आज मूर्ती पूर्वीप्रमाणेच दाटीने रांगेत मांडल्या आहेत. मूळ मांडणी मात्र आता उत्खननाच्या नोंदींत आणि छायाचित्रांतच एकसंध पाहावयास मिळते.