पदरमोडीचा सिनेमा: अभ्यासाआधी थोडे

पदरमोड करून केलेल्या सिनेमाचा अभ्यास करायला निघालेल्यांनी सुरुवात नाशिक जिल्ह्यातूनच करावी. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. या कथेतला त्याग आपण उचलतो आणि कारागिरी तिथेच सोडून देतो. १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपली. नट नको, कपडेपट नको, रंगवलेला पडदा नको. हाताशी होता तो वेळ, आणि त्या चित्रपटाचा विषयही वेळच. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करीत, शिवाय मंडळींचा स्वयंपाक होताच. या मजुरीचा आकडा कुठल्या वहीत चढला?

नवख्या अभ्यासकाने हाच प्रश्न खिशात ठेवावा. ‘अमुक हजारांत पिक्चर केला’ असे कोणी सांगितले की उरलेला खर्च कोणी आणि कशाने भागवला, ते विचारावे. तो कुणाच्या तरी अंगावर पडलेला असतोच.

याच जिल्ह्यातल्या मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. त्या मंडळींचा सायकलीवरचा कॅमेरा आणि क्रेन म्हणून वापरलेली बैलगाडी यांचे किस्से चवीने सांगितले जातात. मला किश्श्यांपेक्षा त्यामागची समज मोलाची वाटते: कॅमेरा का हलवायचा हे पक्के असले, की कशावर ठेवून हलवायचा हे जमते. हिंदी-उर्दू वळणाच्या बोलीमुळे हे चित्रपट मराठी सिनेमाच्या इतिहासात बसत नाहीत. आपल्या अभ्यासात मात्र त्यांना पहिल्या रांगेत जागा आहे.

आता चित्र मोबाइलवरही देखणे येते. पोरे अडतात ती आवाजाशी. नाशिक रोडला स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत दोघांचा हळवा प्रसंग चालू असतो. नटीचा सूर नेमका लागतो आणि बाहेर इंजिनाचा भोंगा वाजतो. मग डबिंग करा, संवाद छाटा, नाहीतर गाडीलाच कथेत घ्या. तिसरी वाट धरणाऱ्यांचे काम मी जास्त कुतूहलाने पाहतो. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला, आणि त्याला प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेंढपाळांच्या त्या कथेत रान आणि कळप कानांनाही जाणवावे लागतात. पैसा कुठे वाचवायचा यापेक्षा कुठे वाचवायचा नाही, हे ठरवणे अवघड.

मित्रांच्या फुकट राबण्याबद्दल आपल्याकडे कौतुकाने बोलतात. मला ते खटकते. चहा-वडापाववर चार रविवार लाइट धरणाऱ्याचे नाव शेवटच्या पाटीत तरी असावे.

साधनांचे म्हणाल तर पुस्तके थोडी, माणसे पुष्कळ. शूटिंगच्या वह्या, व्हॉट्सॲपवरचे निरोप, भाड्याच्या लेन्सच्या पावत्या, टाकून दिलेले टेक, सारे उपयोगी पडते. कार्ड रिकामे करून त्यावरच पुढचे शूटिंग होते, त्यामुळे मुलाखतीची वेळ नंतर ठरवा. आधी हार्ड डिस्क घेऊन जा आणि कच्चे फुटेज मागून घ्या.