कमरेतले इंजेक्शन आणि नऊ दिवसांची डोकेदुखी

“डॉक्टर, कमरेत इंजेक्शन नको, पाठ कायमची दुखते म्हणतात!” ऑपरेशन ठरले की रुग्ण हे हमखास बोलून दाखवतात. या इंजेक्शनची गोष्ट ऐका, मग ठरवा.

१८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात टाकले. टाचणीचे डोके बुबुळाला लावले, तरी काही जाणवले नाही. रुग्णाला न झोपवता शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करता येतो, हे सिद्ध झाले.

१८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे सर्जन ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन देऊन ऑपरेशने केली. नंतर काही रुग्णांना डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. असे का होते हे कळावे म्हणून त्यांनी स्वतःच्या कमरेत सुई टोचून घेतली. पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि कण्यातले पाणी वाहून गेले. मग त्यांनी सहायक हिल्डेब्रांट यांना इंजेक्शन दिले. नडगीवर हातोडी मारली, पेटती सिगार टेकवली, तरी हिल्डेब्रांट यांना दुखले नाही! बिअर यांना मात्र नऊ दिवस त्रास झाला. उठले की डोके दुखे, आडवे झाले की थांबे. कण्यातले पाणी गळाल्याने असे होत असावे, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. म्हणूनच आजच्या सुया अगदी बारीक असतात, आणि कोकेनऐवजी अधिक सुरक्षित औषधे वापरतात. टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते, पण या इंजेक्शनने पाठ कायमची दुखते हा गैरसमज आहे.

आजचे वैद्यकीय विद्यार्थी सुई टोचायला आधी पुतळ्यावर शिकतात आणि सोनोग्राफीवर नस ओळखायला एकमेकांचे हातपाय तपासतात. पण दुखणे किती आहे, हे पुतळा सांगत नाही. ते विद्यार्थ्याने रुग्णालाच विचारायचे असते.

म्हणून ऑपरेशननंतर एखाद्या शिकाऊ डॉक्टरने “० ते १० पैकी किती दुखतंय?” असे विचारले, तर संकोचून “ठीक आहे” म्हणू नका. खरा आकडा सांगा. औषध त्यावरूनच ठरते. आणि उठून बसल्यावर डोके दुखून आडवे झाल्यावर थांबत असेल, तर भूलतज्ज्ञांना लगेच कळवा. त्यावर उपचार आहेत, बिअर यांच्यासारखे नऊ दिवस सोसायची गरज नाही.