अंतराळांतील शीख सम्राट आणि नांदेड

इतिहासाच्या अभ्यासकानें दूरदर्शनवरील एका परदेशी कल्पितमालेविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु एखाद्या पिढीनें मनानें रचलेला भविष्यकाळ हेंही इतिहासाचें साधनच होय. त्या पिढीची भीति, तिची आशा आणि तिचे पूर्वग्रह त्यांत जितके उघडे पडतात, तितके ते तिच्या सरकारी दप्तरांतही पडत नाहींत. शिवाय प्रस्तुत विषयाचा आमच्या मराठवाड्याशीं, विशेषतः नांदेडशीं, असा कांहीं संबंध आहे, कीं तो नांदेडकरानें न सांगावा तर कोणी सांगावा?

‘स्टार ट्रेक’ ही माला अमेरिकेंत ८ सप्टेंबर १९६६ रोजीं सुरू झाली. तिचा जनक जीन रॉडनबेरी हा दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमान चालविणारा व पुढें लॉस एंजलिसच्या पोलिसखात्यांत नोकरी केलेला गृहस्थ. तीन वर्षांत ७९ भाग होऊन १९६९ मध्यें माला बंद पडली. तिसरें वर्ष तरी तिच्या वांट्यास आलें तें प्रेक्षकांनीं केलेल्या पत्रांच्या भडिमारामुळें. पुढें १९७९ पासून तिचे चित्रपट निघूं लागले, १९८७ पासून नव्या नव्या माला निघाल्या, आणि आज साठ वर्षांच्या घरांत येऊनही हा वंश खुंटलेला नाहीं. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर प्रक्षेपणकेंद्रांचें जाळें देशभर पसरलें, आणि त्याच दशकांत दूरदर्शननें ही जुनी माला दाखविली. तिचे जे चाहते तेव्हां निर्माण झाले त्यांपैकीं प्रस्तुत लेखक एक आहे. चाहत्याचें मत निःपक्षपाती नसतें हें खरें. परंतु ज्यावर प्रेम आहे त्याचे दोष बारकाईनें पाहण्याची संवयही त्यालाच असते.

मालेचा मोठेपणा तिच्या यंत्रांत नाहीं. पुठ्ठ्याचे खडक आणि लुकलुकणारे दिवे पाहून आजचीं मुलें हंसतात, तीं हंसोत. मोठेपणा आहे तो ‘एंटरप्राइझ’ नौकेवरील मंडळींत. व्हिएतनामचें युद्ध चालूं असतां, आणि रशियाचें नांव अमेरिकेंत शत्रु म्हणूनच घेतलें जात असतां, १९६७ सालीं या नौकेच्या सुकाणूवर चेकॉव्ह नांवाचा रशियन तरुण बसविला गेला. त्याच्याशेजारीं जपानी वंशाचा सुलू, मागें संदेशयंत्रापाशीं आफ्रिकेची उहुरा. एकमेकांचे उणें न काढतां हीं माणसें काम करतात. ज्या देशांत त्याच सुमारास कृष्णवर्णीयांस मतदानाच्या हक्कासाठीं मार खावा लागला होता, त्या देशांत हें दृश्य दर आठवड्यास घरोघरीं जात होतें. आमच्या मतें पुढील सर्व मालांनीं जें कांहीं चांगलें केलें, त्याचें बीज येथें आहे.

परंतु त्या सुकाणूपाशीं हिंदी मनुष्य नव्हता. १९७९ च्या पहिल्या चित्रपटांत मुंबईची पर्सिस खंबाटा आली, ती परग्रहावरची स्त्री म्हणून, डोकें भादरून. जुन्या मालेला हिंदी माणसाची आठवण ठळकपणें झाली ती एकदां, १६ फेब्रुवारी १९६७ रोजीं दाखविलेल्या ‘स्पेस सीड’ या भागांत. पण तो नाविक नव्हता, बंदिवान होता; आणि त्याचें नांव होतें खान नूनियन सिंग.

कथा थोडक्यांत अशी. नौकेला अंतराळांत भरकटलेलें दोन शतकांपूर्वींचें एक गलबत सांपडतें. आंत सत्तराहून अधिक माणसें कृत्रिम निद्रेंत आहेत. त्यांचा पुढारी जागा होतो, आणि हळूहळू उलगडा होतो कीं, हीं माणसें निवडक बीजापासून मुद्दाम निपजविलेलीं आहेत. बळांत आणि बुद्धींत सामान्यांच्या कितीतरी पुढें. त्यांच्या या नायकानें १९९२ ते १९९६ या काळांत पृथ्वीच्या चतुर्थांशावर सत्ता गाजविली होती. नौकेवर मॅकगायव्हर्स नांवाची एक तरुणी आहे; ती इतिहासकार. निजलेल्या माणसाचा चेहरा पाहतांच ती अनुमान करते, कीं हा उत्तर हिंदुस्थानचा, बहुधा शीख असावा. आणि शीख म्हणजे कसले अद्भुत योद्धे, असेंही पुढें जोडते. ती त्याचें चित्र काढते, तें पागोट्यासह. प्रत्यक्षांत त्याच्या डोक्यावर पागोटें नाहीं आणि चेहऱ्यावर दाढीही नाहीं. या प्रथमदर्शनीं जडलेल्या भक्तीपायीं ती नौका त्याच्या हवालीं करण्यास हातभार लावते, आणि अखेर कॅप्टनाचे प्राण वांचवून शुद्धीवर येते.

ही भूमिका मेक्सिकोंत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान या नटानें केली आणि उत्तम केली. मूळ संहितेच्या पहिल्या खर्ड्यांत हें पात्र उत्तर युरोपीय वंशाचें होतें. तें बदलून हिंदी केलें, यांत लेखकांचा हेतु वाईट नसावा. निपजविलेला ‘महामानव’ गोऱ्या कातडीचाच असला पाहिजे, ही हिटलरी समजूत मोडावी आणि पुढारीपण आशियाच्या माणसाकडे द्यावें, हें १९६७ सालीं धाडसाचेंच होतें. पण शीख म्हटल्याबरोबर ‘योद्धा’ हाच शब्द त्या इतिहासकार बाईच्या तोंडीं कां यावा, याचें उत्तर अंतराळांत नाहीं, हिंदुस्थानच्या ब्रिटिश लष्करखात्यांत आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनीं हिंदी लोकांची लढवय्ये आणि बिनलढवय्ये अशी विभागणी केली. शीख, गुरखे, पठाण हे जन्मजात शूर. इतर जन्मजात नव्हेत. याच सिद्धांताच्या जोरावर १८९० नंतरच्या दशकांत महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या समाजाच्या पिढ्या इंग्रजांच्या पलटणींत लढल्या होत्या, तो एका हुकुमानें ‘बिनलढवय्या’ ठरला. गोपाळबाबा वलंगकरांनीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो या अन्यायापोटीं. कोणा जातीची रक्तावरून स्तुति करणें आणि कोणा जातीची रक्तावरून हेटाळणी करणें हीं एकाच नाण्याचीं दोन बाजू आहेत. मॅकगायव्हर्स बाईंची स्तुति ही त्या नाण्याची चकाकती बाजू, एवढेंच.

आणि मौज ही, कीं ज्या भागांत रक्ताच्या अभिमानाचा धिक्कार करावयाचा होता, त्याच भागांत ती आली. निवडक प्रजोत्पादनाचें हें खूळ कल्पित नव्हे. इंग्लंडांत फ्रान्सिस गॉल्टननें १८८३ मध्यें त्यास शास्त्राचें नांव दिलें. अमेरिकेंत इंडियाना संस्थानानें १९०७ मध्यें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९३३ मध्यें जर्मनीनें तसाच कायदा केला, आणि त्याचा शेवट कोठें झाला तें सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रही यापासून अलिप्त नव्हता. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या गो. म. जोशी यांच्या ‘हिंदूंचें समाजरचनाशास्त्र’ या ग्रंथानें याच शास्त्राच्या आधारें जातिसंस्थेचें समर्थन केलें. दोनच वर्षांनीं डॉ. आंबेडकरांनीं जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध भाषणांत असल्या समर्थनाची चिरफाड केली. 

या संदर्भांत इरावती कर्वे यांचें उदाहरण आम्हांस फार मोलाचें वाटतें. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिन येथें ऑयगेन फिशर या वंशवादी पंडिताच्या हाताखालीं संशोधन करीत होत्या. युरोपीय कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हें त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचें लक्षण आहे, ही गुरुजींची कल्पना; ती सिद्ध करण्याचें काम शिष्येकडे आलें. त्यांनीं कवट्या मोजल्या, आणि वंशावंशांत तसा भेद आढळत नाहीं, असें स्वच्छ लिहून दिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, ज्याच्या हातीं आपली पदवी आहे अशा माणसाला तोंडावर ‘नाहीं’ म्हणणें सोपें नसतें. मॅकगायव्हर्स आणि इरावतीबाई यांत आम्ही फरक करतों तो हा: एकीनें चेहरा पाहिला आणि मान तुकविली, दुसरीनें माप घेतलें आणि मान ताठ ठेवली.

आतां नांदेडकडे येऊं. ज्याला शीख म्हटलें, त्या खानाचें ब्रीद काय? श्रेष्ठानें आज्ञा करावी, कनिष्ठांनीं ती पाळावी. शीख इतिहासानें या प्रश्नाचें उत्तर दोन वेळां दिलें आहे, आणि दोन्ही वेळां खानाच्या नेमकें उलट. १६९९ मध्यें आनंदपूर येथें गुरु गोविंदसिंगांनीं खालसा स्थापिला, तेव्हां शिर देण्यास पुढें आलेले पांच जण कोण होते? परंपरेप्रमाणें एक लाहोरचा खत्री, एक हस्तिनापूरचा जाट, एक जगन्नाथपुरीचा पाणक्या, एक द्वारकेचा छीपी, आणि पांचवा बीदरचा न्हावी. बीदर म्हणजे आमच्या उदगीरच्या पलीकडचें गांव! बीजाची निवड झाली नव्हती, धैर्याची झाली होती. त्यांस अमृत दिल्यावर गुरूंनीं त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलें. गुरु शिष्यांचा शिष्य झाला.

दुसरें उत्तर नांदेडास, ऑक्टोबर १७०८ मध्यें. गोदावरीच्या कांठीं, मारेकऱ्याच्या जखमेनें अंत जवळ आला असतां, गुरूंनीं आपल्यामागें कोणी मनुष्य गुरु नेमला नाहीं. यापुढें ग्रंथ हाच गुरु, असें त्यांनीं सांगितलें. दहा पिढ्यांची मानवी गुरुपरंपरा येथें थांबली आणि अधिकार एका व्यक्तीच्या हातून शब्दाकडे गेला. २००८ सालीं या प्रसंगास तीनशें वर्षें पुरीं झालीं, तेव्हां नांदेडास जमलेला अफाट समुदाय ज्या गोष्टीसाठीं आला होता, ती ही. त्या ग्रंथांत नामदेवांचीं पदें आहेत. आमच्या मराठवाड्यांतील नर्सी हें परंपरेनें त्यांचें गांव, आणि जातीनें ते शिंपी. रणजितसिंगानें बांधविलेल्या सचखंडाच्या लंगरांत आजही राव आणि रंक एका पंगतीस बसतात. एवढें जाणणाऱ्यास खान हा शीख वाटणें कठीण आहे. खान हें नांव तुर्की-मंगोल, सिंग हें पंजाबी. दोन्हींची सरमिसळ करून अमेरिकन लेखकांनीं पूर्वेकडचा एक ठोकळ राजा बनविला, इतकेंच.

आणखी एक जुळणी मनांतून जात नाहीं. मालेच्या हिशेबानें खानाचें राज्य ज्या वर्षांत झालें, त्यांतच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येते. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. चाराच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं, हजारों माणसें गेलीं. तीं गेलीं तीं मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखालीं. १९६७ च्या कल्पकांस १९९० नंतरच्या दशकांत महामानवांचीं युद्धें दिसलीं. आमच्या वांट्यास जें आलें त्यांत महामानव कोणी नव्हता. ढिगारे उपसणारे जवान होते, भाकरी घेऊन येणारे परगांवचे लोक होते, आणि नंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्याचें वर्षानुवर्षांचें कंटाळवाणें काम होतें. माणसाला वांचविणारें ज्ञान म्हणजे पुष्कळदां भिंत कशी बांधावी एवढेंच असतें. न्यायानें बोलावयाचें तर ‘स्टार ट्रेक’चा खरा उपदेशही हाच आहे: नौका तारते ती एकट्या पराक्रम्याच्या मनगटानें नव्हे, आपापल्या जागीं नीट काम करणाऱ्या मंडळींनीं.

पुढें खानाचें काय झालें? १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटांत माँटलबान पुन्हां आला. चित्रपट म्हणून तो या वंशांतील सर्वोत्तम, असें आमचेंही मत आहे. परंतु त्यांत खान केवळ सूडानें पेटलेला माणूस उरला, त्याच्या मागचा इतिहास गळाला. २०१३ मध्यें बेनेडिक्ट कंबरबॅच या इंग्रज नटानें त्याचें काम केलें, आणि सिंग हें नांव लावणारा मनुष्य पुरता गोरा झाला. त्यावर पुष्कळ चाहत्यांनीं रोष व्यक्त केला, तो रास्तच होता. २०२२ पासूनच्या मालेंत खानाची वंशज ला’आन ही एक अधिकारी आहे. आपल्या रक्ताच्या वारशाची तिला भीति वाटते, आणि ती भीति ओलांडून ती कर्तव्य करते. येथें मालेनें जुन्या चुकीचें कांहीं अंशीं परिमार्जन केलें, असें आम्ही समजतों. त्याच मालेनें २०२३ मध्यें खानाचा काळ मात्र पुढें सरकविला. हें आम्हांस रुचलें नाहीं. चुकलेलें भाकीत तसेंच राहूं द्यावें. भाकीत करणाऱ्याच्या काळाचा तो दाखला असतो.

मराठी वाचकास या ठिकाणीं डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या १९८६ च्या कादंबरीची आठवण होईल. माणसाहून सरस बुद्धीचा यंत्रमानव घडविण्याची विद्या हातीं येते, आणि ती वापरावी कीं नाहीं हा पेंच पडतो. वामनाच्या पौराणिक नांवांतच इशारा आहे: लहान दिसणाऱ्यास तीन पावलें देतांना बळीनें विचार करावयास हवा होता. श्रेष्ठाला जागा द्यावी कीं न द्यावी, हा प्रश्न आज, यंत्रबुद्धीच्या आणि बीजदुरुस्तीच्या काळांत, कल्पित राहिलेला नाहीं.

‘स्पेस सीड’च्या शेवटीं कॅप्टन कर्क खानाला एका ओसाड ग्रहावर वसण्याची मुभा देतो, आणि मॅकगायव्हर्सला निवड करावयास सांगतो: लष्करी चौकशी, कीं हद्दपारी? ती खानाबरोबर जाते. तत्पूर्वीं नौकेवरील अधिकारीही खानाविषयीं थोडें कौतुकानेंच बोलतात; जुलमी राजांत त्यांतल्या त्यांत तो बरा, असें म्हणतात. स्पॉकला त्याचें आश्चर्य वाटतें. तें आश्चर्य प्रत्येक इतिहासशिक्षकानें वर्गांत जागें ठेवावें. पराक्रमी माणसांच्या गोष्टी मुलांस आवडतात, आणि त्या सांगाव्याच; पण त्यांच्या पायाखालीं कोण चिरडलें गेलें, आणि ज्यांनीं सत्ता हातीं असतां ती दुसऱ्याच्या हातीं दिली ते कोण होते, हें त्याच तासांत सांगावें. नांदेड-लातूरच्या शिक्षकास याचीं उदाहरणें दूर शोधावीं लागणार नाहींत.