ताबा, करार आणि अभिहस्तांतरण : मुंबईतील सदनिकाधारकाच्या मालकी हक्काचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शहरात राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी बहुधा एकाच व्यवहारात गुंतते आणि तो व्यवहार म्हणजे घराची खरेदी. करारनामा, भाग प्रमाणपत्र, वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती यांवर नाव लागले की घर ‘आपल्या मालकीचे’ झाले असे मानले जाते. परंतु इमारत ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीची मिळकत पत्रिका पाहिल्यास तिच्यावर अनेकदा मूळ जमीनमालकाचे किंवा विकासकाचेच नाव आढळते. घराचा ताबा एकाकडे आणि जमिनीची मालकी दुसऱ्याकडे ही अवस्था मुंबईत अपवादात्मक नाही. ती दीर्घ काळात घडत आलेली आहे. ती कशी निर्माण झाली, कायद्याने ती दूर करण्यासाठी कोणते टप्पे गाठले आणि त्या इतिहासातून आजच्या खरेदीदाराने, विक्रेत्याने व सदनिकाधारकाने काय घ्यावे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. विवेचनासाठी कायद्यांतील तरतुदी, न्यायालयीन निर्णय आणि मुंबईच्या गृहनिर्माणाचा ज्ञात इतिहास यांचा आधार घेतला आहे.

१. भाडेकरूंचे शहर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांमुळे मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली. येणाऱ्या माणसाला जागा हवी होती ती भाड्याची. घर विकत घेण्याचा विचार कामगाराच्या किंवा कारकुनाच्या आवाक्यातला नव्हता. चाळ ही या गरजेची निर्मिती होय. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि दाट, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांचा प्रश्न सरकारसमोर उभा राहिला. १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दादर-माटुंगा परिसरात नव्या वसाहती आखल्या आणि तेथील भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच आजच्या ‘बीडीडी चाळी’ होत.

या कालखंडातील एक बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. मुंबईत जमीन धारण करण्याचे प्रकार एकसारखे नव्हते. फझेंदारी, सरकारी पट्टा, ट्रस्टचा पट्टा आणि पूर्ण मालकी असे भिन्न प्रकार शेजारी शेजारी नांदत होते. त्यामुळे ‘जमीन कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर या शहरात प्रत्येक भूखंडागणिक वेगळे मिळते.

२. सहकाराचा पर्याय

भाडेकरू आणि घरमालक या जोडीला पहिला समर्थ पर्याय सहकारी चळवळीने दिला. १९०४ चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांचा मार्ग मोकळा केला. त्याचा लाभ घेऊन १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. ताडदेवची तालमकीवाडी त्यांचीच स्मृती जपते.

या प्रारूपाचे वैशिष्ट्य असे की जमीन आधी संस्थेच्या हाती येत असे आणि घरे नंतर उभी राहत. सभासद स्वतंत्रपणे जमिनीचा मालक नसला तरी ज्या संस्थेची मालकी होती तिचा तो घटक होता. ताबा आणि मालकी यांत अंतर पडण्यास येथे फारसा वाव नव्हता. पुढे जे बिघडले ते हा क्रम उलटल्यामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

३. भाडे नियंत्रण आणि ‘ओनरशिप फ्लॅट’चा उदय

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ मध्ये मुंबईत भाडे नियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्य होते. परंतु तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था दशकानुदशके टिकली. भाड्यातून इमारतीची दुरुस्तीही निघेना. परिणामी जुन्या इमारती जीर्ण झाल्या, नव्या इमारती भाड्याने देण्यासाठी बांधणे जवळजवळ थांबले आणि कायद्याने निषिद्ध असूनही पागडीची प्रथा फोफावली. दुरुस्तीचा भार अखेर शासनाला उचलावा लागला व त्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात नमूद केले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली.

भाड्याने देणे परवडेना, तेव्हा बांधकाम व्यावसायिकांनी इमारतीतील एकेक घर विकण्यास आरंभ केला. ‘मालकी हक्काची सदनिका’ ही कल्पना अशी जन्मली. सहकारी प्रारूपात संस्था आधी आणि इमारत नंतर होती. येथे विकासक आधी, इमारत त्यानंतर आणि संस्था सर्वांत शेवटी आली. जमीन मात्र विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच राहिली.

४. १९६३ चा कायदा : हेतू आणि मर्यादा

या नव्या व्यवहारातील गैरप्रकार लवकरच उघड झाले. शासनाने मे १९६० मध्ये चौकशी समिती नेमली व तिने जून १९६१ मध्ये अहवाल सादर केला. त्यातून महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ म्हणजेच ‘मोफा’ साकार झाला. जमिनीवरील हक्क व बोजे उघड करणे, २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवणे, मंजूर नकाशात परस्पर फेरफार न करणे, खरेदीदारांची संस्था स्थापन करणे आणि ठरलेल्या मुदतीत जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून देणे, ही प्रवर्तकाची कर्तव्ये ठरली. अभिहस्तांतरणाची मुदत करारात नसेल तर ती संस्थेच्या नोंदणीपासून ४ महिने, असे नियमांत सांगितले होते. १९७० मध्ये महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने आणखी एक मार्ग दिला. त्यात प्रत्येक सदनिकाधारकाला जमिनीत व सामाईक भागांत अविभक्त हिस्सा मिळतो.

कायदा दूरदर्शी होता. परंतु प्रवर्तकाने अभिहस्तांतरण केलेच नाही तर काय, याचे सोपे उत्तर त्यात नव्हते. फौजदारी तक्रार किंवा दिवाणी दावा हे मार्ग सामान्य रहिवाशांना दमवणारे होते.

दुसरी विसंगती मुद्रांक शुल्काची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या नुसत्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. असे असताना १९८५ मधील दुरुस्तीने ताबा देणारा विक्री करार हा मुद्रांक शुल्कापुरता अभिहस्तांतरणच मानला जाऊ लागला. म्हणजे शासनाने शुल्क घेतले ते पूर्ण विक्रीचे. खरेदीदाराच्या पदरात पडला तो करार.

५. जमीन का अडकून राहिली?

प्रवर्तकांची टाळाटाळ केवळ बेपर्वाईतून झाली असे म्हणता येत नाही. तिला आर्थिक कारण होते. चटई क्षेत्र निर्देशांकाच्या नियमांमुळे जमिनीची किंमत तिच्यावर किती बांधता येईल यावर ठरू लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची सोय केली आणि बांधून पूर्ण झालेल्या भूखंडावरही भविष्यात अधिक बांधकाम होण्याची शक्यता निर्माण झाली. जमीन स्वतःच्या नावावर ठेवणाऱ्याला हा लाभ मागता येत होता. त्यामुळे अभिहस्तांतरण लांबवणे फायद्याचे ठरले. रहिवाशांनाही घरात राहताना याची झळ लागत नव्हती. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाचा प्रश्न आला, तेव्हाच आपल्या पायाखालची जमीन आपली नाही हे त्यांना कळले.

६. दुरुस्तीचे पर्व : २००८ ते २०१७

२००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ ही संकल्पना आली आणि २०१० मध्ये त्याचे नियम झाले. प्रवर्तक किंवा जमीनमालक सहकार्य करीत नसल्यास सक्षम प्राधिकारी, म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, सुनावणी घेऊन प्रमाणपत्र देतात व त्याच्या आधारे संस्थेच्या नावे दस्त नोंदवता येतो. ही तरतूद रहिवाशांच्या दृष्टीने क्रांतिकारक होती. मात्र मूळ मालकीविषयी खरा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच निर्णायकपणे मिटतो, ही तिची मर्यादा आहे. याच काळात, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात इमारतीखालील खांबांमधील वाहनतळ स्वतंत्रपणे विकण्याचा प्रवर्तकाला अधिकार नाही असा निर्णय दिला. २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही हे स्पष्ट झाले.

केंद्राचा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा १ मे २०१७ पासून पूर्णतः लागू झाला आणि महाराष्ट्रात ‘महारेरा’ची स्थापना झाली. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई, खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती, चटई क्षेत्रावर विक्री, विलंब झाल्यास व्याज आणि बांधकामातील दोषांबाबत ५ वर्षांची जबाबदारी ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. १९६३ चा कायदा त्याने रद्द केला नाही.

तथापि जुने अंतर पूर्णपणे मिटले आहे असे नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा सदनिका आठपर्यंत असल्यास प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. जुन्या सदनिकेची पुनर्विक्रीही या यंत्रणेबाहेर राहते. मोठ्या वसाहतीत प्रत्येक इमारतीच्या संस्थेला इमारत मिळते; जमीन मात्र शिखर संस्थेकडे जाते व तीही शेवटची इमारत पूर्ण झाल्यानंतर. शेवटची इमारत रखडली तर जमीनही रखडते. म्हणजे १९५० च्या दशकातील उलटा क्रम येथे नव्या रूपात टिकून आहे.

७. इतिहासातून निघणारे व्यवहारसूत्र

वरील आढाव्यातून व्यवहाराच्या दृष्टीने काही सूत्रे निघतात.

*खरेदीदारासाठी :* आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते. ती मालकीची हमी नव्हे. म्हणून ‘करार नोंदलेला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. मिळकत पत्रिका, जमिनीचा धारणाप्रकार, वकिलाचा शोध अहवाल, मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. जुन्या इमारतीत पहिला प्रश्न ‘अभिहस्तांतरण झाले आहे का?’ हा असावा. ते झाले नसेल तर त्याचा विचार किंमत ठरवताना व्हावा. नव्या प्रकल्पात महारेरा नोंदणीबरोबरच जमीन केव्हा व कोणाच्या नावे होणार हे करारातून वाचून घ्यावे. पागडीची जागा घेणाऱ्याने आपण भाडेकरूचा हक्क घेत आहोत, मालकी नव्हे, याचे भान ठेवावे.

*विक्रेत्यासाठी :* पहिल्या खरेदीपासूनचे सर्व मूळ करार सलग असणे, त्यांवरील मुद्रांक शुल्क भरलेले असणे आणि संस्थेची देणी चुकती असणे ही घराच्या किमतीइतकीच मोलाची बाब आहे. साखळीतील एक दुवा हरवला तर खरेदीदाराला कर्ज मिळण्यात अडचण येते आणि व्यवहार फिसकटतो. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २००१ च्या शासकीय परिपत्रकाने २५,००० रुपये ठरवली. देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक मागणी संस्थेला करता येत नाही.

*सदनिकाधारकासाठी :* दोन कामे लांबणीवर टाकू नयेत. पहिले, अभिहस्तांतरण झाले नसल्यास संस्थेच्या सर्वसाधारण सभेत तो विषय घ्यावा. इमारत धोकादायक ठरल्यावर वाटाघाटीची ताकद उरत नाही. दुसरे, वारसाची तजवीज. इंद्राणी वाही प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग करून देणे आवश्यक असले, तरी अंतिम मालकी वारसा कायद्यानुसारच ठरते. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करावे.

निष्कर्ष

मुंबईतील सदनिकाधारकाच्या हक्काचा इतिहास हा ताबा आणि मालकी यांतील अंतर कमी करण्याचा इतिहास आहे. १९१५ च्या सहकारी प्रारूपात हे अंतर नव्हते. भाडे नियंत्रणाच्या अनपेक्षित परिणामांतून उगवलेल्या सदनिका-विक्रीने ते निर्माण केले. १९६३ च्या कायद्याने ते ओळखले, २००८ च्या दुरुस्तीने त्यावर उपाय दिला आणि २०१६ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांपुरते ते आवळले. प्रत्येक कायदा आधीच्या पिढीच्या नुकसानीनंतर आला. म्हणूनच खरेदीदाराने कायद्याच्या संरक्षणावर विसंबून राहण्याऐवजी ते कोठवर पोहोचते हे जाणून घ्यावे. भिंतींचे आयुष्य मर्यादित असते. टिकते ती जमीन. घराची कागदपत्रे तपासताना त्या जमिनीपर्यंत पोहोचणे हीच या शतकभराच्या इतिहासाची शिकवण आहे.