एका ओळीची दुरुस्ती

हस्तलिखिते ताडून पाहणारा संशोधक एका पोथीतील अशुद्ध पाठ सुधारून थांबत नाही. ती चूक ज्या प्रतीवरून उतरली, तिचाही तो माग काढतो. संगणकाच्या इतिहासातील एका दुरुस्तीकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या 'वर्म'ने इंटरनेटवरील हजारो संगणक जेरीस आणले. त्याच्या शिरकावाची एक वाट बर्कले युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील 'फिंगरडी' या लहानशा प्रोग्रॅममधून जात होती. बाहेरून येणारी ओळ ठेवण्यासाठी तेथे ५१२ बाइटांचा बफर होता. वर्मने ५३६ बाइट पाठवले. ओळ वाचणाऱ्या 'गेट्स' या फंक्शनला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. जादा मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडला, काम संपल्यावर जेथे परतायचे तो पत्ता बदलला आणि व्हॅक्स जातीची यंत्रे आगंतुकाच्या आज्ञा पाळू लागली.

दुरुस्ती एका ओळीची होती: 'गेट्स'ऐवजी 'एफगेट्स', ज्याला मर्यादा सांगावीच लागते. मात्र अशी दुरुस्ती तपासणाऱ्याला तेवढी ओळ वाचून भागत नाही. सांगितलेली मर्यादा बफरच्या आकाराशी जुळते काय? 'गेट्स' ओळीच्या अखेरचे चिन्ह टाकून देते, 'एफगेट्स' ते राखते. मग पुढचा मजकूर त्या चिन्हाचे काय करतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हेच फंक्शन आणखी कोठे वापरले आहे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका प्रोग्रॅमपुरते नव्हते, कारण दोष 'सी' भाषेच्या ग्रंथालयातच होता. तरीही १९८९ साली या भाषेचे पहिले अमेरिकी मानक सिद्ध झाले, तेव्हा 'गेट्स' त्यात होते. १९९९च्या आवृत्तीतही ते राहिले. ते वगळले गेले २०११च्या मानकात, म्हणजे वर्मनंतर २३ वर्षांनी.

रूढ शब्द काढून टाकला की त्यावर विसंबलेले जुने लेखन मोडते, ही अडचण आम्हांला मान्य आहे. परंतु मूळ प्रत तशीच ठेवून नकलकारांना सावधपणाचा उपदेश करीत राहणे, हे संपादन नव्हे. 'फिंगरडी'तील ओळ बदलणाऱ्यांनी आपले काम चोख केले होते. तीच चूक पुन्हा लिहिण्याची मुभा मात्र भाषेने पुढील दोन तपांजवळ कायम ठेवली.